काट्याचे वाचन

मोटारीचा डॅशबोर्ड ही एक संपादित संहिता आहे, असे म्हटले तर साहित्याच्या वर्गात कोणी फारसे चमकणार नाही. गॅरेजमध्ये मात्र चमकतील. इंजिनात एकाच वेळी असंख्य घडामोडी चालू असतात. त्यांतल्या चालकाला कोणत्या कळाव्यात, कोणत्या कळू नयेत आणि ज्या कळायच्या त्या कोणत्या रूपात कळाव्यात, हे गाडी बनवणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. वेग, इंजिनाचे फेरे, टाकीतले पेट्रोल आणि पाण्याचे तापमान, अशा तीन-चार गोष्टींना काटा मिळतो. उरलेल्यांच्या वाट्याला फार तर एक दिवा येतो, पुष्कळांच्या वाट्याला तोही नाही.

प्रत्येक संपादनामागे हेतू असतो. इथला हेतू, चालकाने उगाच घाबरू नये हा. पाण्याच्या तापमानाचा काटा पाहावा. बहुतेक आधुनिक गाड्यांत इंजिन एकदा तापले की हा काटा मधोमध येऊन थांबतो आणि तापमान पाच-दहा अंशांनी वरखाली झाले तरी जागचा हलत नाही. त्याने हलू नये अशीच त्याची रचना असते. माझ्दा मियाटा या गाडीचे उदाहरण त्याहून बोलके आहे. १९९५ च्या मॉडेलपासून तिच्या तेलाच्या दाबाचा मापक तसाच ठेवून त्यामागचा सेन्सर बदलण्यात आला आणि त्याच्या जागी एक साधी कळ आली. दाब एका किमान मर्यादेच्या वर असला की काटा मधोमध. खाली गेला की तळाशी. दिसायला काटा, पण वागणूक दिव्याची.

दिवा आणि काटा यांत नेमका फरक काय, हा प्रश्न आमच्यापुढे तात्त्विक म्हणून आला नाही. तो एका जुन्या गाडीच्या निमित्ताने आला आणि पुढे त्याने आम्हाला बरेच अडचणीत आणले.

* * *

आम्ही दोघे न्यू जर्सीत राहतो. आमच्यापैकी एकाने पूर्वी महाराष्ट्रात महाविद्यालयात मराठी शिकवले आहे. दुसऱ्याची हयात विजेच्या मंडलांत गेली आहे. गाडी जपानी बनावटीची, २००२ सालची, दोन लिटरची, टर्बो असलेली. आमच्याकडे आली तेव्हा तिला वीस वर्षे होत आली होती.

टर्बोचे तत्त्व सांगायला सोपे आहे. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एरवी वाया जातो. त्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरवायचे, त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरे चक्र बसवायचे आणि त्याच्याकरवी बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबायची. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त, पेट्रोल जास्त म्हणून ताकद जास्त. अल्फ्रेड ब्यूखी या स्विस अभियंत्याने या कल्पनेचे पेटंट १९०५ मध्ये घेतले. आजच्या मोटारीतला तो दांडा मिनिटाला लाखावर फेरे घेतो आणि तो तरंगतो तेलाच्या एका पातळ थरावर. तेवढा थर तुटला की सगळे संपले.

१९६२ मध्ये अमेरिकेत टर्बोच्या पहिल्या दोन मोटारी बाजारात आल्या: ओल्ड्समोबील जेटफायर आणि शेवरोले कोर्व्हेअर मोंझा स्पायडर. यांतल्या स्पायडरच्या डॅशबोर्डवर कोंबलेल्या हवेच्या दाबाचा आणि सिलिंडर-हेडच्या तापमानाचा असे दोन्ही मापक होते. नवलाची गोष्ट होती तोवर ती चालकाला वाचू दिली जात होती. पुढे टर्बो रुळला आणि पुष्कळ गाड्यांतून मापक गेले. आमच्या गाडीत हवेच्या दाबाला काटा नव्हता आणि तेलाच्या दाबाला होता तो फक्त एक लाल दिवा. अमेरिकेत या जातीच्या दिव्यांना ‘इडियट लाइट’ म्हणतात. २०२१ च्या शरदात, शनिवार-रविवार धरून, आम्ही घरासमोरच गाडीत तीन मापक बसवले. एक हवेच्या दाबाचा, दुसरा तेलाच्या दाबाचा, तिसरा हवा-पेट्रोलच्या प्रमाणाचा.

* * *

कामाची सुरुवात बॅटरीची ऋण तार सोडवण्यापासून होते. नंतर डाव्या खांबावरचे प्लास्टिकचे आवरण काढायचे. त्याआधी त्या खांबात एअरबॅग नाही याची खात्री करून घ्यायची, कारण काही गाड्यांत ती तिथेच दुमडलेली असते. मापक याच खांबावर, नजरेच्या रेषेत बसतात. प्रत्येकाला साधारण चार तारा: एकीत कायम वीज, दुसरीत किल्ली फिरवल्यावर येणारी, तिसरीत रस्त्याचे दिवे लावल्यावर येणारी आणि चौथी अर्थिंगची. तिसऱ्या तारेचे काम आम्हाला विशेष आवडले. रात्र झाली आहे एवढेच ती मापकाला कळवते, मग तो आपला उजेड कमी करतो. या चार तारा फ्यूजच्या पेटीत नेमक्या कुठे सापडतात हे मल्टिमीटर लावून शोधावे लागते. सांधे डाख देऊन झाळण्यापेक्षा नीट दाबून बसवलेले बरे; झाळलेली तार सांध्यापाशी ताठ होते आणि रोजच्या हादऱ्यांनी नेमकी तिथेच तुटते.

हवेच्या दाबाचा मापक यांत्रिक होता. त्याच्या पोटात एक वाकवलेली चपटी नळी असते. दाब वाढला की ती सरळ होऊ पाहते आणि तिच्या टोकाला जोडलेला काटा फिरतो. ही युक्ती युजेन बूर्दों याची, पॅरिसची, पेटंट १८४९ चे. इंजिनात हवा जिथून शिरते तिथल्या एका रबरी नळीला ‘टी’ आकाराचा जोड द्यायचा आणि त्यातून बारीक नळी, मधल्या पत्र्यातल्या रबरी बुचातून, आत आणायची. कोणती नळी कापायची याला महत्त्व आहे. पेट्रोलचा दाब राखणाऱ्या यंत्रणेकडे जाणारी नळी कापू नये. तिथला जोड गळला तर मापकासाठी केलेल्या छिद्रामुळे इंजिनाला मिळणारे पेट्रोलच बदलते.

तेलाचा दाब आत आणायचा तो तारेने. गरम तेलाची नळी बसण्याच्या जागेत कोणी आणत नाही. तेलाच्या दिव्याची कळ अल्टरनेटरच्या खाली होती, म्हणून आधी अल्टरनेटर उतरवला. तिथे या कामातली सर्वात शिकवणारी गोष्ट भेटली. जपानी इंजिनाच्या त्या भोकाचे आटे आणि अमेरिकी सेन्सरचे आटे, दोन्ही ‘एक-अष्टमांश इंच’ याच नावाने ओळखले जातात. पण जपानी मापात इंचाला २८ आटे असतात, अमेरिकी मापात २७. हाताने फिरवले तर पहिले दोन-तीन आटे अगदी गोडीगुलाबीने बसतात. मग जड जाते, आणि पान्हा लावून रेटले तर ॲल्युमिनियम तडकते. अनुवाद करणाऱ्यांना हा अनुभव परका नसावा. हिंदीतली ‘शिक्षा’ मराठीत आणताना पहिली दोन अक्षरे अशीच बिनबोभाट बसतात. उपाय एकच, दोन्ही भाषा येणारा दुभाष्या, म्हणजे बाहेरून २८ आणि आतून २७ आट्यांचा जोड. सेन्सर जड असतो. तो थेट इंजिनावर टांगला तर हादऱ्यांनी पितळी जोडाला चीर जाते. म्हणून तारांचे वेष्टन असलेल्या लवचीक नळीने त्याला बाजूच्या पत्र्यावर बसवायचे आणि त्याला स्वतंत्र अर्थिंग द्यायचे.

तिसऱ्या मापकाचा सेन्सर धुराच्या नळीत बसतो. नळीला भोक पाडून त्यावर आट्यांचे कडे जोडण्याचे काम वेल्डिंगवाल्याकडून करून घेतले. सेन्सर आडवा न ठेवता तिरका, वरच्या अंगाने बसवावा लागतो, म्हणजे थंड नळीत साचलेले पाणी त्याच्यात उतरत नाही. काम करताना तो सातशे अंश सेल्सिअसच्या वर तापलेला असतो. आणि इंजिन चालू असताना त्याला वीज मिळालीच पाहिजे. ती नसेल तर तो धुराने माखून निकामी होतो.

* * *

मराठीत या वस्तूच्या सुईला आपण काटा म्हणतो, हे आम्हाला फार अर्थपूर्ण वाटते. तराजूचा काटा, घड्याळाचा काटा, पायात रुतणारा काटा आणि अंगावर येणारा काटा, सगळे एकाच शब्दात नांदतात. ‘काटेकोर’मध्येही तोच ऐकू येतो. मोजणे, टोचणे आणि शहारणे यांच्यात भाषेने भिंत घातलेली नाही. तबकडीसाठीही आपल्याकडे एक जुना शब्द पडून आहे: वृत्त. संस्कृतात त्याचा अर्थ वर्तुळ. मराठीत बातमी आणि छंदही. गोलात बसलेली, लयीने हलणारी बातमी म्हणजे मापक, अशी व्याख्या कोणी केली तर आमची हरकत नाही.

मर्ढेकरांनंतरच्या मराठी कवितेत यंत्र येते ते पुष्कळदा माणसाला भरडणारी शक्ती म्हणून. त्या कवितेची सत्यता आम्ही नाकारत नाही. पण ‘यंत्र’ शब्दाच्या मुळाशी ‘यम्’ हा धातू आहे, आणि त्याचा अर्थ आवरणे, ताब्यात ठेवणे. बॉनेट उघडून दोन-चार रविवार काढले की हा मूळ अर्थ डोळ्यांना दिसू लागतो. दाब, उष्णता, स्फोट, सगळे कशाने ना कशाने तरी आवरून धरलेले असते, आणि आवरणारी वस्तू कधी कधी केवळ तेलाचा थर असते.

* * *

मापक बसवणे सोपे, वाचणे अवघड. हवेच्या दाबाची तबकडी घ्या. तिच्या मध्यावर शून्य आहे, पण ते शून्य म्हणजे ‘काही नाही’ नव्हे. समुद्रसपाटीला दर चौरस इंचावर १४.७ पौंड हवा आधीच बसलेली असते. तिला गृहीत धरून शून्य लिहिलेले आहे. शून्याच्या उजवीकडे पौंड मोजतात आणि डावीकडे, जिथे इंजिन हवा ओढून घेत असते तिथे, पाऱ्याचे इंच. एकाच तबकडीवर, एकाच काट्याखाली, दोन एकके! डावीकडचे दोन इंच म्हणजे उजवीकडचा जवळपास एक पौंड. आपल्या बोलण्यात पारा चढतो तेव्हा माणूस तापलेला असतो. इथे पारा सर्वात जास्त असतो तो इंजिन निवांत असताना, अठरा-वीस इंचांवर. पाय दाबला की काटा शून्य ओलांडून उजवीकडे तेरा-चौदा पौंडांपर्यंत जातो.

तिसऱ्या मापकावरही १४.७ च आहे. हा निव्वळ योगायोग. इथे त्याचा अर्थ एका भाग पेट्रोलला १४.७ भाग हवा, वजनाने. टर्बोचा दाब चढलेला असताना हे प्रमाण अकरा-बाराच्या आसपास असावे लागते, कारण जादा पेट्रोल आतली उष्णता आवरून धरते. त्या वेळी आकडा वर सरकू लागला तर पिस्टनच्या जिवावर बेतते. पण हा आकडा मुळात मोजलेला नसतोच. सेन्सर मोजतो ते आदर्श प्रमाणापासूनचे अंतर. मापक त्याला १४.७ ने गुणून दाखवतो. अमेरिकेतल्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असते आणि त्याचे खरे आदर्श प्रमाण १४.१ च्या आसपास येते. तरी मापक १४.७ च म्हणत राहतो. खोटे नाही ते. तो एक संकेत आहे, आणि संकेत ठाऊक असलेल्यालाच त्याचा अर्थ लागतो.

पहिले काही आठवडे आम्ही रस्त्यापेक्षा काटेच जास्त पाहिले. थंड सकाळी तेलाचा दाब ८० पौंड, हायवेवर ५०, आणि तापलेले इंजिन सिग्नलला उभे राहिले की २०. घाट उतरावा तसा तो उतार पाहून पोटात गोळा येई. कवितेवर पहिल्यांदाच टिपण लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक ओळीखाली रेघ मारतो, कारण कोणती ओळ नेहमीची आणि कोणती वेगळी हे त्याला अजून कळत नाही. आम्हीही तसेच करत होतो. मग आम्ही एक वही घातली. तारीख, बाहेरचे तापमान, पाण्याचे तापमान, फेरे आणि दाब. तेल कोणत्या प्रतीचे आणि किती मैल चाललेले, हे समासात. आकड्याला अर्थ मिळतो तो त्याच्या आधीच्या आकड्यांमुळे. परंपरा नसलेला आकडा नुसता आवाज असतो, हे आम्हाला त्या वहीने शिकवले.

आणि आणखी एक गोष्ट. तीन मापक बसवायचे म्हणजे एका धडधाकट इंजिनाला तीन जागी छेद देणे. हवेच्या नळीत एक नवा सांधा, तेलाच्या वाटेवर तीन, धुराच्या नळीत एक. जे धोके कळावेत म्हणून मापक बसवला, त्यांत मापकाने स्वतःची भर घातली. समीक्षेबद्दल अशी तक्रार आपण ऐकतोच, की ती कलाकृतीला कापल्याशिवाय वाचू शकत नाही. तक्रार खरी आहे. तिच्यावर आमच्यापाशी एवढेच उत्तर आहे की जिथे कापले तिथे दर महिन्याला बोट फिरवून ओल आली आहे का ते पाहावे.

* * *

दोन हिवाळे गेले. वहीतल्या नोंदी सारख्या परिस्थितीत ताडून पाहू लागलो तेव्हा एक उतार दिसला. तेल त्याच प्रतीचे, पाणी तितकेच तापलेले, फेरे तितकेच, आणि सिग्नलला उभे असतानाचा दाब पहिल्या वर्षी २०, नंतरच्या शरदात १७, २०२४ च्या मार्चमध्ये १२.

प्रथम साक्षीदारच तपासला. सेन्सर म्हातारा झाला असेल, अर्थिंग गंजले असेल. इथल्या रस्त्यांवर हिवाळाभर मीठ पडते. पाठचिकित्सेचा साधा नियम आहे की एका प्रतीवर विसंबू नये. शेजारच्या निवृत्त गृहस्थांकडून यांत्रिक मापक मागून आणला, थेट इंजिनाला लावला. त्यानेही १२ दाखवले. दोन प्रती जुळल्या, पाठ पक्का झाला. वीस वर्षांहून अधिक काळ फिरलेल्या इंजिनाच्या आतल्या बेअरिंगमधली फट वाढत होती आणि तेल तिच्यातून सैलपणे निसटत होते.

दर हजार फेऱ्यांना दहा पौंड, असा एक जुना ठोकताळा आहे. सातशे-साडेसातशे फेऱ्यांवर १२ पौंड त्यात आरामात बसतात. आकडा वाईट नव्हता. तो २० वरून आला होता, हे वाईट होते. लाल दिवा या सर्व काळात विझलेला होता आणि दाब जवळजवळ नाहीसा होईपर्यंत विझलेलाच राहिला असता. त्याला ‘आता’ कळते, ‘पूर्वी’ कळत नाही. तो थेट निकाल देतो. काटा मात्र हकीकत सांगतो आणि निकालाची जबाबदारी वाचणाऱ्यावर टाकून मोकळा होतो.

ही जबाबदारी किती जड असते ते त्याच उन्हाळ्यात कळले. गाडी विकायचे आधीपासूनच ठरले होते. इथे जुनी गाडी परस्पर विकताना ‘आहे त्या स्थितीत’ असा शब्द वापरतात. घेणाऱ्याने पाहून घ्यावे, त्याला हवे तर मेकॅनिक आणावा. आमच्यापैकी एकाचे म्हणणे असे की दिवा विझलेला आहे, आकडा ठोकताळ्यात बसतो, कोणी विचारले तर खरे सांगू. न विचारलेल्याचे उत्तर देणे हा व्यवहार नव्हे. दुसऱ्याचे म्हणणे, आपण वही घातली नसती तर हा युक्तिवाद खरा ठरला असता. कोणाचे म्हणणे कोणते हे इथे सांगत नाही, कारण आठवडाभरात बाजू दोनदा बदलल्या. मापक काढून टाकून गाडी मूळ रूपात विकावी, हाही विचार झाला. ते काढणे तासाभराचे काम होते. गाडी पुन्हा तिच्या निर्मात्याने संपादित केलेल्या संहितेत परतली असती आणि आमच्या छेदांची जागा बुचांनी घेतली असती. मात्र आम्हाला जे कळले होते त्याला बसेल असे बूच आमच्यापाशी नव्हते.

मापक राहिले. पाहायला आलेला मुलगा विशीतला होता. त्याने हात लावण्याआधी आम्ही त्याला दाबाबद्दल सांगितले, किंमत पूर्वीच्या जवळपास निम्मी केली आणि वही पुढे केली. त्याने ती बॉनेटवर ठेवली आणि पहिल्या पानापासून उभ्याउभ्या वाचत गेला. मार्चच्या नोंदीपाशी थांबून त्याने एकच प्रश्न विचारला: हा आकडा तेल बदलण्याच्या आधीचा की नंतरचा?

समासात लिहिले होते.